तीन मिनिटांची कोळंबी

कोळंबी तव्यावर टाकली की काय होते, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. राखाडी, थोडीशी निळसर, काचेसारखी आरपार भासणारी कोळंबी बघता बघता लाल-केशरी होते, आतून पांढरी पडते आणि अंग आक्रसून वळते. हा सगळा प्रकार दोन-तीन मिनिटांत आटोपतो. इतक्या लवकर शिजणारे आणि इतक्याच लवकर बिघडणारे पदार्थ स्वयंपाकघरात फार थोडे आहेत. तिसऱ्या मिनिटाला मऊ, रसाळ असलेली कोळंबी सहाव्या मिनिटाला रबरासारखी चिवट होते. मग दोष दिला जातो तो कोळंबीला किंवा कोळणीला!

बाजारात कोळंबी स्वस्त मिळत नाही. आणलेला वाटा वाया जाऊ नये, शिवाय कच्ची राहून कोणाचे पोटही बिघडू नये, एवढ्यासाठी तरी त्या तीन मिनिटांत काय घडते ते समजून घ्यायला हवे. म्हणून आज आपण एक सोपा पदार्थ करणार आहोत. तव्यावर भाजलेली कोळंबी, खाली गरम भात आणि वर चक्क्याची मलईदार चटणी असा हा एका वाडग्यातला जेवणाचा बेत आहे. पदार्थ करता करता प्रत्येक पायरीला 'असे का?' हा प्रश्नही विचारणार आहोत.

साहित्य (दोघांसाठी)

सोलून साफ केलेली मध्यम आकाराची कोळंबी २०० ग्रॅम (टरफले टाकू नका, ती लागणार आहेत), दही २५० ग्रॅम, तेल ४ चमचे, लसणीच्या ४ पाकळ्या, मोहरीची पूड पाव चमचा, हळद पाव चमचा, लाल तिखट अर्धा चमचा, अर्धे लिंबू, मीठ, दोन वाट्या शिजवलेला भात, चिरलेली काकडी आणि कोथिंबीर. चमचा म्हणजे ५ मिलिलिटरचा लहान चमचा. तवा जाड, शक्यतो लोखंडी घ्या. तवा तापवण्याचे काम घरातील मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करा.

एक सूचना आधीच देऊन ठेवतो. काही माणसांना कोळंबीची ॲलर्जी असते. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वास घेणेही कठीण होते. ही ॲलर्जी बहुधा ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनामुळे होते आणि हे प्रथिन उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे कोळंबी कितीही शिजवली तरी धोका टळत नाही. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात करण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याकडे याची चौकशी करावी.

पहिली पायरी : निवडणे आणि साफ करणे

ताज्या कोळंबीला समुद्राचा मंद वास असतो. अमोनियासारखा नाकात जाणारा वास आला, तर ती कोळंबी घेऊ नये. सागरी जीवांच्या मांसात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे एक संयुग असते. त्याला स्वतःला वास नसतो. जीव मेल्यावर जीवाणू त्याचे ट्रायमिथिलअमाइन करतात आणि आपल्याला ओळखीचा तो वशेळ वास येऊ लागतो. ट्रायमिथिलअमाइन हे आम्लारिधर्मी आहे. लिंबू, कोकम किंवा चिंच लावली की त्यांतील आम्लाशी त्याचा संयोग होऊन क्षार बनतो. हा क्षार हवेत उडून जात नाही, म्हणून वास नाकापर्यंत पोहोचत नाही. कोकणात माशाला कोकमाचे आगळ लावण्याची पद्धत आहे, तिच्यामागे हे रसायनशास्त्र आहे. मात्र लक्षात ठेवा, आम्ल वास झाकते. नासलेली कोळंबी ते ताजी करीत नाही.

कधी कधी कोळंबीच्या डोक्यावर किंवा टरफलाच्या कडांना काळे डाग दिसतात. कापलेले सफरचंद किंवा वांगे ज्या प्रकारच्या विकरांमुळे काळे पडते, त्याच प्रकारची विकरे येथेही काम करतात. त्यामुळे केवळ डागावरून कोळंबी नासली असे म्हणता येत नाही. वास आणि मांसाचा घट्टपणा या अधिक भरवशाच्या खुणा होत.

डोके आधी काढावे. कोळंबीची पाचक ग्रंथी डोक्याच्या भागात असते. कोळंबी मेल्यावर त्या ग्रंथीतील विकरे तिच्याच मांसावर काम करू लागतात आणि मांस पिठूळ होते. पाठीवरचा काळा धागा काढताना पुष्कळ जण त्याला शीर म्हणतात. वास्तविक ते कोळंबीचे आतडे आहे. साफ केलेली कोळंबी शिजवेपर्यंत बर्फात किंवा शीतकपाटात ठेवा. हात, सुरी आणि पाट साबणाने धुवा. कच्च्या कोळंबीचा हात काकडीला लागता कामा नये, कारण काकडी आपण कच्चीच खाणार आहोत.

दुसरी पायरी : टरफलातला रंग

आता टरफले हाती घ्या. दोन चमचे तेल मंद आचेवर गरम करून त्यात टरफले व डोकी परता. चार-पाच मिनिटांत टरफले लाल होतील आणि तेलही केशरी दिसू लागेल. ठेचलेली लसूण त्यातच टाका, अर्धा मिनिट परता आणि गाळून तेल थंड करायला ठेवा. थोडी टरफले मात्र पुढील प्रयोगासाठी कच्चीच राखून ठेवा.

हा रंग कोठून आला? बाहेरून तर आपण काही घातले नाही. तो टरफलात आधीपासूनच होता, फक्त निराळ्या रूपात होता. या रंगद्रव्याचे नाव ॲस्टॅझॅन्थिन. गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटीनच्या कुळातलेच हे द्रव्य आहे. १९३८ साली रिचर्ड कून आणि सोरेन्सन या शास्त्रज्ञांनी शेवंडीतील या रंगद्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. शेवंड ही कोळंबीची मोठी नातलगच म्हणायची. ॲस्टॅझॅन्थिन मोकळे असते तेव्हा ते निळा-हिरवा प्रकाश शोषून घेते, म्हणून आपल्याला लाल-केशरी दिसते. जिवंत शेवंडीच्या टरफलात मात्र ते क्रस्टासायनिन नावाच्या प्रथिनाच्या घडीत घट्ट बसलेले असते. या पकडीमुळे त्याचे प्रकाश शोषण्याचे गुणच बदलतात. ते आता तांबड्या बाजूचा प्रकाश शोषू लागते आणि निळे दिसते. २००२ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने या प्रथिनाच्या एका भागाची रचना उलगडली, तेव्हा ही पकड नेमकी कशी असते ते दिसून आले. कोळंबीच्या टरफलातही अशीच योजना असते. उष्णतेने प्रथिनाची घडी विस्कटते, पकड सुटते आणि रंगद्रव्य आपला मूळचा रंग दाखवू लागते.

हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून टरफले नुसत्या पाण्यात उकळली तर पाण्याला फारसा रंग चढत नाही, तेल मात्र केशरी होते.

कोळंबी हा रंग स्वतः मुळापासून तयार करू शकत नाही. त्याचा कच्चा माल तिला सूक्ष्म शैवालांतून आणि शैवाल खाणाऱ्या जीवांतून मिळतो. ठाण्याच्या खाडीत येणारे रोहित पक्षी गुलाबी दिसतात, तेही अशाच आहारामुळे. तुमच्या तव्यावरील रंग आणि रोहित पक्ष्याच्या पंखांवरील रंग हे एकाच कुळातले आहेत!

तिसरी पायरी : मलईदार चटणी

दही स्वच्छ फडक्यात बांधून तासभर टांगून ठेवा. खाली जमणारे हिरवट पाणी म्हणजे निवळी. फडक्यात उरतो तो चक्का. तो भांड्यात काढून त्यात मोहरीची पूड, चवीपुरते मीठ घाला आणि थंड झालेले केशरी तेल थेंब थेंब घालत फेटत राहा. तेल एकदम ओतू नका.

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, हे आपण जाणतो. पण तेलाचे अतिशय बारीक थेंब करून प्रत्येक थेंबाभोवती एक आवरण चढवले, तर ते पाण्यात पसरून राहतात. अशा मिश्रणाला 'पायस' म्हणतात. दूध हे निसर्गाने केलेले पायस आहे, नारळाचे दूधही तसेच. आपल्या चटणीत थेंबांभोवती आवरण घालण्याचे काम मुख्यतः दुधातील प्रथिने करतात आणि मोहरीची पूड त्यांना हातभार लावते.

हे आवरण किती मोठ्या क्षेत्रावर चढवावे लागते, याचे गणित करून पाहा. एक चमचा, म्हणजे ५ घन सेंटिमीटर तेलाचा एकच गोल केला, तर त्याचा व्यास सुमारे २.१ सेंटिमीटर आणि पृष्ठफळ सुमारे १४ चौरस सेंटिमीटर भरेल. याच तेलाचे एक शतांश मिलिमीटर व्यासाचे थेंब केले, तर त्यांची संख्या सुमारे साडेनऊशे कोटी होईल आणि एकूण पृष्ठफळ ३०,००० चौरस सेंटिमीटर, म्हणजे ३ चौरस मीटर! एका चमच्यातल्या तेलाला सतरंजीएवढे आवरण लागते. म्हणूनच तेल सावकाश घालायचे असते. सुरुवातीचे थेंब झाकले जाईपर्यंत पुढचे आले, तर ते एकमेकांत मिसळून पुन्हा मोठे होतात आणि तेल वर तरंगते.

फेटून झाल्यावर ही चटणी गरम करू नका. दह्यातील प्रथिने आम्लामुळे आधीच एकमेकांना धरून जाळे करून बसलेली असतात. उष्णता मिळाली की ते जाळे आवळते, आतले पाणी बाहेर पडते आणि चोथा-पाणी वेगळे होते. घरी कढी फुटते ती याचमुळे. कढीला बेसन लावतात, कारण बेसनातील पिष्ट फुगून प्रथिनांना एकमेकांवर आवळू देत नाही. आपल्या चटणीत बेसन नाही, तेव्हा ती थंडच ठेवावी आणि वाढताना वरून घालावी.

चौथी पायरी : पाणी टिपणे

आता मुख्य काम. कोळंबीला मीठ लावून दहा मिनिटे ठेवा आणि मग स्वच्छ कोरड्या फडक्याने एकेक कोळंबी टिपून घ्या. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. तिचे महत्त्व पुन्हा गणितानेच पाहू.

कोळंबीच्या मांसाचा विशिष्ट उष्मा सुमारे ०.८५ धरू. २०० ग्रॅम कोळंबीचे तापमान ३० अंश सेल्सिअसपासून ६३ अंशांपर्यंत न्यायचे, तर लागणारी उष्णता २०० × ०.८५ × ३३ म्हणजे सुमारे ५,६०० कॅलरी.

समजा, कोळंबीच्या अंगावर दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम पाणी राहिले. ते ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ७०० कॅलरी लागतील. पुढे त्याची वाफ करायला, बाष्पनाचा अप्रकट उष्मा ग्रॅमला ५४० कॅलरी या हिशेबाने, ५,४०० कॅलरी. एकूण ६,१०० कॅलरी!

म्हणजे दोन चमचे पाणी उडवायला सगळी कोळंबी शिजवण्यापेक्षाही जास्त उष्णता लागते. शिवाय पाणी आहे तोवर कोळंबीच्या पृष्ठभागाचे तापमान १०० अंशांच्या वर फारसे चढत नाही. कोळंबी तव्यावर आपल्याच वाफेत उकडत राहते. वरून खरपूस होईल म्हणून वाट पाहावी, तर तोवर आतले मांस चिवट झालेले असते.

खमंगपणासाठी लागणारी क्रिया निराळीच आहे. अमिनो आम्ले आणि शर्करा यांच्यात जास्त तापमानाला क्रिया होऊन तपकिरी रंगाची व सुवासिक द्रव्ये तयार होतात. १९१२ साली लुई कामील मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले, म्हणून ती 'मेयार अभिक्रिया' या नावाने ओळखली जाते. भाकरीचे डाग, भाजलेल्या शेंगदाण्याचा वास ही तिचीच किमया. १४० अंशांच्या पुढे ती जोरात चालते. उकडलेली कोळंबी आणि भाजलेली कोळंबी यांच्या चवीत फरक पडतो तो यामुळे.

पाचवी पायरी : तीन मिनिटे

तवा चांगला तापू द्या. पाण्याचा थेंब टाकला तर तो चरचरून लगेच उडून गेला पाहिजे. टिपलेल्या कोळंबीला उरलेले दोन चमचे तेल, हळद आणि तिखट चोळा. लिंबू आत्ता नको. त्याचे पाणी आपल्याला परवडणारे नाही. निम्मीच कोळंबी तव्यावर सुटी सुटी मांडा. सगळी एकदम टाकली तर तवा थंड पडतो.

दीड मिनिट हात लावू नका. मग एकेक उलटा आणि आणखी एक ते दीड मिनिट थांबा. या वेळात डोळे उघडे ठेवून तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट रंग. वरचा राखाडीपणा जाऊन केशरी छटा येते. पण सावध! हा रंग बाहेरच्या थरात असतो आणि बाहेरचा थर सर्वांत आधी तापतो. म्हणून कोळंबी लाल झाली याचा अर्थ 'वरचा थर तापला' एवढाच. 'आतून शिजली' असा नव्हे. सर्वांत जास्त फसवणूक या रंगाने होते.

दुसरी गोष्ट पारदर्शकता. कच्चे मांस काचेसारखे असते, कारण प्रकाश त्यातून बराचसा आरपार जातो. तापमान वाढले की स्नायूंतील प्रथिनांच्या घड्या सुटतात आणि ती एकमेकांत गुंतून साकळतात. त्यांचे जे बारीक पुंजके होतात, त्यांवरून प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि मांस पांढरे दिसते. अंड्याचा पांढरा भाग शिजल्यावर पांढरा होतो, तेही असेच. चटणीचा पांढरेपणाही प्रकाश विखुरल्यामुळेच येतो, फक्त तेथे हे काम तेलाचे थेंब आणि दह्यातील प्रथिनांचे कण करतात. सर्वांत जाड कोळंबी मधोमध कापून पाहा. मध्यापर्यंत पांढरी असेल तरच ती झाली.

तिसरी गोष्ट आकार. जिवंत कोळंबी संकट दिसताच शेपटी झटक्याने पोटाकडे ओढते आणि उलट दिशेने निसटते. त्यासाठी पोटाकडचे स्नायू फार बळकट असतात. शिजताना सगळेच स्नायू आक्रसतात, पण पोटाकडचे वरचढ ठरतात आणि कोळंबी त्या बाजूला वळते. चंद्रकोरीसारखी वळली तर समजावे, वेळ झाली. बांगडीसारखी गोल झाली, तर बहुधा उशीर झाला!

आता 'चिवट' म्हणजे काय तेही पाहू. स्नायूंत मायोसिन आणि ॲक्टिन ही दोन प्रमुख प्रथिने असतात. मायोसिन ५० अंशांच्या आसपास साकळते. त्याने मांस कच्चेपणा सोडून घट्ट होते, पण रस आतच राहतो. ॲक्टिन साकळायला सुमारे ७० अंशांच्या पुढे जावे लागते. ते साकळले की तंतू आणखी आवळतात आणि ओला कपडा पिळावा तसा रस बाहेर येतो. उरते ते रबर. समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओसारखे जीवाणू असतात, म्हणून मांस पुरेसे तापणेही आवश्यक आहे. आतले तापमान ६३ अंशांपर्यंत पोहोचावे, असे अमेरिकेतील अन्नसुरक्षेचे नियम सांगतात. हा आकडा ५० आणि ७० यांच्या मध्ये आहे, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. पोटाला सुरक्षित आणि जिभेला मऊ अशा दोन्ही गोष्टी साधणारा पट्टा एवढा अरुंद आहे. गरम तव्यावर तो ओलांडायला अर्धे मिनिटही पुरते. म्हणून कोळंबी तयार झाली की ताबडतोब तव्यावरून ताटात काढा. तवा नुसता बंद करून भागत नाही, कारण जाड लोखंडात साठलेली उष्णता आपले काम चालूच ठेवते.

दुसरी खेप अशीच भाजा. वाडग्यात गरम भात, त्यावर काकडी, त्यावर कोळंबी, वर चक्क्याची चटणी आणि कोथिंबीर घाला. लिंबू आता पिळा. लगेच खायला बसा.

करून पाहा

राखून ठेवलेली कच्ची टरफले घ्या. शाळेच्या प्रयोगशाळेतील तापमापी आणि चंचुपात्रे मागून घ्या. ४०, ५०, ६०, ७० आणि ८० अंशांचे पाणी वेगवेगळ्या चंचुपात्रांत घेऊन प्रत्येकात टरफलाचा एक तुकडा टाका. पाच मिनिटांनी रंग नोंदवा. रंग कोणत्या दोन तापमानांच्या दरम्यान बदलला? आता आणखी एक तुकडा थंड व्हिनेगरमध्ये तासभर ठेवा. उष्णता न देताही रंगात काही बदल होतो का, ते पाहा. होत असेल, तर प्रथिनाची घडी विस्कटण्याचे दुसरे कोणते साधन तुम्हाला सापडले? वापरलेली टरफले खाण्यात येऊ देऊ नका आणि भांडी धुऊन ठेवा.

दुसरा प्रयोग ताटातच होतो. एकाच आकाराच्या चार कोळंब्या घेऊन त्या अनुक्रमे दोन, तीन, चार आणि सहा मिनिटे भाजा. भाजण्यापूर्वी आणि नंतर प्रत्येकीचे वजन करा. वजन किती घटले याचा आलेख काढा. दोन मिनिटांची कोळंबी कापूनच पाहा, आत कच्ची असेल तर पुन्हा भाजल्याशिवाय खाऊ नका. बाकीच्या तिघींची चव घेऊन आलेखाशी ताडून पाहा.

घड्याळातली तीन मिनिटे तुमच्या तव्याला, तुमच्या आचेला आणि तुमच्या कोळंबीच्या आकाराला तंतोतंत लागू पडतीलच असे नाही. मोठ्या कोळंबीला जास्त वेळ लागेल, करंदीला तर मिनिटही पुष्कळ होईल. रंग, पारदर्शकता आणि आकार हे तीन साक्षीदार मात्र प्रत्येक तव्यापाशी हजर असतात. त्यांपैकी एकाच्याच सांगण्यावर विसंबू नका. तिघांचे म्हणणे जुळले की कोळंबी उतरवा.